उपासनेतील संगीताचा निवाडा

ख्रिस्ती उपासनेत कोणत्या प्रकारचे संगीत असावे, हा वाद ख्रिस्तमंडळीइतकाच पुरातन असून त्याचा अखेरचा निकाल आजवर कोणत्याही धर्मसभेला लावता आलेला नाही. पेटी-मृदंग असावेत की गिटार आणि ड्रम, विलायती चालींवरची भाषांतरित गीते चालू ठेवावीत की अभंग म्हणावेत, असे प्रश्न आपल्या मंडळ्यांतून वारंवार उभे राहतात. वादी-प्रतिवादी बदलतात, परंतु कैफियत बहुधा एकच असते, ती अशी की आपल्याला रुचते ते भक्तिपर आणि दुसऱ्याला रुचते ते ऐहिक.

हा प्रश्न क्षुल्लक मात्र नाही. संत ऑगस्टिनसारख्या थोर पुरुषालाही त्याने अस्वस्थ केले होते. स्तोत्रांच्या गायनाने आपल्या डोळ्यांत अश्रू आले, श्रद्धा उजळली, याची कृतज्ञ नोंद त्याने आपल्या आत्मनिवेदनात केली आहे. पण गायिलेल्या अर्थापेक्षा गाणेच मनाला अधिक हलवू लागले की आपल्या हातून पाप घडले असे त्याला वाटे, आणि अखेरीस मोठ्या संकोचानेच त्याने उपासनेतील गायनाला अनुमती दिली. सोळाव्या शतकात धर्मसुधारक झ्विंग्ली स्वतः निष्णात वादक असूनही झुरिकच्या चर्चमधून त्याने गायन-वादन हद्दपार केले. कॅल्विनने वाद्यांना मनाई केली, परंतु दीडशे स्तोत्रे छंदोबद्ध करवून घेऊन ती साऱ्या मंडळीच्या मुखी दिली, आणि 1562 मध्ये जिनिव्हाचा तो स्तोत्रसंग्रह पूर्णत्वास गेला. पोप दहाव्या पायसने 1903 च्या आपल्या फर्मानात ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरवून पियानो आणि कर्कश वाद्ये यांना चर्चमध्ये मज्जाव केला; आणि त्यानंतर साठच वर्षांनी, 1963 मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने मिशनप्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत यथोचित मान द्यावा असे ठरविले.

या इतिहासावरून एक गोष्ट स्पष्ट होते: पावित्र्य हा स्वरांचा अंगभूत गुण नव्हे. ज्या पेटीवाचून आपले भजन-कीर्तन आज अपुरे वाटते, ती मुळात युरोपातून आलेली. आणि तिच्या ठरीव स्वरांत हिंदुस्थानी गायकीतील श्रुती व मींड यांना वाव नाही म्हणून 1940 साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली होती. परके काय आणि आपले काय, हे सवय आणि काळ ठरवीत असतात. त्यांच्या दाखल्यावर धर्माचा फैसला करणे न्यायाचे नाही.

तथापि एवढ्यावरून सर्व संगीत उपासनेला सारखेच योग्य ठरते, असेही नाही. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने जी कसोटी लावली ती मला निर्णायक वाटते: जे आत्म्याने गायचे ते बुद्धीनेही गाता आले पाहिजे, आणि सभेत जे घडते त्याने सर्वांची उन्नती झाली पाहिजे. म्हणून कोणत्याही शैलीविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो हा की, ती कोणाचे तोंड उघडते आणि कोणाचे बंद करते.

या कसोटीवर भाषांतरित गीतांची अडचण नेमकी दिसून येते. इंग्रजी चाल आघातांवर चालते, मराठी पद्य ह्रस्व-दीर्घांवर. ‘करुणा’ या शब्दातील पहिली दोन अक्षरे ह्रस्व आणि तिसरे दीर्घ. पण विलायती चालीचा लांब, जोरकस स्वर नेमका ‘क’वर पडला की त्याचा ‘का’ होतो, ‘णा’ घाईघाईने उरकावा लागतो, आणि गाणाऱ्याची जीभ अडखळली की अर्थही अडखळतो. याउलट, 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ख्रिस्तभक्ती अभंगांत आणि भजनांत आणली, तेव्हा तुकोबांच्या वाणीने घडविलेला साचा तिला आयता लाभला. मोठ्या अभंगाचे सहा-सहा अक्षरांचे तीन चरण आणि चार अक्षरांचा चौथा चरण निरक्षर माणसाच्याही कानात चटकन बसतात. एकाने चरण म्हणावा, सर्वांनी धृपद उचलावे, या रीतीत पुस्तक हाती नसलेला शेतकरीही उपासनेत पूर्ण वाटेकरी होतो. टिळकांच्याही पूर्वी, 1616 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’साठी फादर स्टीफन्स यांनी अशीच देशी ओवी निवडली होती.

पण ही कसोटी दुधारी आहे. तोच अभंग कसलेल्या गवयाने तानांच्या आतषबाजीत गायिला आणि मंडळी केवळ श्रोते होऊन बसली, तर त्याचे देशीपण त्याला वाचवू शकत नाही. आणि ज्या वृद्ध भगिनीने लहानपणापासून एखादे विलायती चालीचे गीत आपल्या दुःखात आळवले आहे, तिच्यासाठी ते मराठीच होऊन गेले आहे. एकाग्र श्रवण हीदेखील उपासना होऊ शकते, हे बाखच्या संगीताने लाइप्झिगमध्ये सिद्ध केले. मात्र जेथे मंडळीला नेहमीच नुसते ऐकावयाचे असते, मग तो प्रशिक्षित गायकवृंद असो वा कर्ण्यांतून दणाणणारा वाद्यवृंद, तेथे उपासनेची मक्तेदारी काहींच्या हाती गेलेली असते.

यापुढचा निवाडा मात्र गीताचा नसून गाणाऱ्याचा होतो. जेथे न्याय नाही तेथील गाण्यांचा देवाला वीट येतो, हे आमोस संदेष्ट्याने कोणत्याही एका शैलीला वगळून सांगितलेले नाही. म्हणून वडीलधाऱ्यांनी तरुणांचे एखादे गीत मनापासून शिकावे, तरुणांनी जुन्या गीतांचा अर्थ समजून घ्यावा, आणि ज्या गीताने शेजारच्या माणसाला प्रार्थना करता येते ते आपल्या रुचीचे नसले तरी त्यात आपला आवाज मिळवावा. आपली आवड अशी बाजूला ठेवणे हा त्यागच होय, आणि त्यागावाचून ख्रिस्ती उपासना कोणत्याही सुरात पूर्ण होत नाही.