फरशीखालचा प्रामाणिकपणा

घरांतील न्हाणीघर नव्यानें बांधून घेण्यासारख्या क्षुद्र विषयांत नीतिशास्त्राला काय करावयाचें आहे, असें वाचकांस प्रथमदर्शनीं वाटणें साहजिक आहे. परंतु जेथें आपला पैसा, दुसऱ्याचें कौशल्य आणि तिसऱ्याचें छत यांची गांठ पडते, तेथें नीतीचा प्रश्न टाळूं म्हटल्यानें टळत नाहीं.

या कामाचा विशेष असा कीं, त्यांतील महत्त्वाचा भाग शेवटीं दृष्टीआड होतो. जुनी फरशी फोडल्यावर स्लॅबच्या सांध्यांतून पाणी झिरपूं नये म्हणून जलरोधक थर द्यावा लागतो. त्यावर पुष्कळदां विटांच्या तुकड्यांचा कोबा होतो. नळ भिंतींत पुरले जातात. जमिनीला मोरीकडे ८० ते १०० इंचांस एक इंच असा उतार द्यावा लागतो. मोरीच्या जाळीखालीं जें भांडें बसवितात, त्यांत सुमारें ५० मिलिमीटर पाणी सदैव साचून राहिलें, तरच गटाराची दुर्गंधि घरांत येत नाहीं. प्लंबर त्यास ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी त्या इंग्रजी शब्दाशेजारीं सुखानें नांदत आहे. या सर्वांवर फरशी बसली कीं मालकास दिसतो तो केवळ तिचा रंग.

प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागांत ग्लॉकननें अदृश्य करणाऱ्या अंगठीची कथा सांगितली आहे. लिडियांतील एका मेंढपाळास ती सांपडली आणि तिच्या बळावर राजास मारून तो स्वतः राजा झाला. कोणी पाहत नसतां मनुष्य न्यायानें वागेल काय, हा ग्लॉकनचा प्रश्न. गवंड्याला अशी अंगठी त्याच्या धंद्यानेंच दिली आहे. मात्र एक भेद आहे. मेंढपाळाचें पाप तेवढें झांकलें गेलें. गवंड्याचें पुण्यहि फरशीखालीं झांकलें जातें.

कांटनें १७८५ सालीं प्रसिद्ध केलेल्या नीतिविषयक ग्रंथांत अजाण गिऱ्हाइकासहि जास्त भाव न लावणाऱ्या दुकानदाराचें उदाहरण दिलें आहे. गिऱ्हाईक टिकावें एवढ्यासाठींहि तो तसें वागत असेल, असें कांट म्हणतो. परमुलुखांतून शहरांत आलेल्या, पुन्हां त्या घरीं येण्याचा संभव नसलेल्या मिस्त्रीस हा लोभहि नसतो. म्हणून त्यानें कोपरे नीट भरले, तर त्याची सचोटी त्या दुकानदारापेक्षां अधिक निर्भेळ मानावी लागेल.

पण सारा भार कारागिरावर टाकून आपण मोकळे होतों काय? गिऱ्हाईक फरशीसाठीं चार दुकानें पालथीं घालतें. तिच्याखालीं काय गेलें हें क्वचितच विचारतें. काम उक्तें दिलें तर घाईंत कारागिराचा लाभ, रोजावर दिलें तर दिरंगाईंत. सचोटीचा मोबदला म्हणून वेगळा असा कोठेंच धरलेला नसतो. देखरेख ठेवावी, असें कोणी म्हणेल. ती अवश्य असावी. पण ज्यास कामांतलें कांहीं कळत नाहीं, तो दिवसभर खुर्ची टाकून बसला तरी त्यास दिसणार काय? जाणता मनुष्य नेमावा, तर त्याच्या सचोटीचा प्रश्न उरतोच. तात्पर्य, कोठें तरी विश्वासावर येऊन थांबावें लागतें. शिवाय चूक झाली तर ती बहुधा मालकाच्या घरीं दिसत नाहीं. खालच्या मजल्यावरील शेजाऱ्याच्या छतास ओल येते. त्या बिचाऱ्यानें ना गवंडी निवडलेला असतो, ना दर ठरविलेला.

विश्वास म्हणजे डोळे मिटणें नव्हे. न दिसणाऱ्या कामाची किंमत आणि त्यास लागणारा वेळ आपण होऊन मान्य करणें, हा विश्वासाचा अर्थ आहे. जलरोधक थर झाल्यावर मोरीचें तोंड बुजवून जमिनीवर पाणी सांठवितात, आणि एक-दोन दिवस, कधीं अधिकहि, खालीं ओल उतरते कीं काय हें पाहतात. तेवढे दिवस घरच्यांची आंघोळीची गैरसोय होते, कारागिराचा रोज बुडतो, आणि ‘आतां पुरे, फरशी लावा’ असें बहुधा मालकच म्हणूं लागतो. त्या वेळीं ती अंगठी त्याच्याच बोटांत असते. तें पाणी पुरते दिवस उभें राहूं द्यावें, त्या दिवसांची मजुरी द्यावी, आणि मग कारागिराच्या नीतीविषयीं बोलावें.