दामाजीची पावती

दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. मोठा दुष्काळ पडला तेव्हा मंगळवेढ्याच्या या अधिकाऱ्याने बिदरच्या बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम सोडला आणि इकडे पंढरीचा विठ्ठल विठू महाराच्या रूपात बिदरला जाऊन धान्याची किंमत भरून आला. कीर्तनात गळा दाटून येतो तो दामाजींच्या करुणेने आणि देवाच्या धावून येण्याने. पण एक तपशील आपण घाईने ओलांडतो. देवाने निव्वळ चमत्कारावर काम भागवले नाही. त्याने पैसे मोजले आणि पावती घेतली. परोपकारासाठी उपसलेल्या कोठाराचाही हिशेब चुकता व्हावा, असे ही कथा रचणाऱ्या लोकमनाला वाटले, आणि ते काम त्याने थेट देवावर सोपवले. हेतू शुद्ध असेल तर दुसऱ्याच्या ठेवीचा हिशेब माफ होतो का, हा धर्माचा प्रश्न आहे. सरकारी खर्चावर आणि खरेदीवर संसदेने नजर का ठेवावी, या प्रश्नाचे मूळही तिथेच आहे.

यावर कोणी म्हणेल की कोठार बादशहाचे असले तरी धान्य रयतेने पिकवलेले होते. मग दामाजी देणे लागत होते ते कोणाचे? हा आक्षेप रास्त आहे. प्रजासत्ताकाने तो मान्यच केला आणि मालक बदलला: कोठार आता जनतेचे. राज्यघटनेच्या २६६व्या अनुच्छेदानुसार भारताच्या एकत्रित निधीतला पैसा कायद्यानुसार आणि घटनेत सांगितलेल्या कारणांसाठी व रीतीनेच काढता येतो. पण मालक बदलल्याने हिशेबाची जबाबदारी हलकी होत नाही, उलट वाढते. बादशहाला न विचारता रयतेला धान्य देणाऱ्याच्या बाजूने निदान रयत तरी उभी होती. आज संसदेला न विचारता खर्च करणारा माणूस ज्यांच्या भल्यासाठी खर्च करतो, त्यांनाच डावलतो.

केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमांत एक कसोटी दिली आहे: साधारण शहाणा माणूस स्वतःचा पैसा खर्चताना जितकी दक्षता घेतो, तितकी अधिकाऱ्याने सार्वजनिक पैशाबाबत घ्यावी. कसोटी चांगली आहे, पण मला ती अपुरी वाटते. स्वतःच्या पैशाने मी ओळखीच्या दुकानातून चढ्या भावाने वस्तू घेऊ शकतो, एखाद्यावर जीव जडला म्हणून देऊनही टाकू शकतो. त्यात माझे औदार्य दिसेल. दुसऱ्याच्या पैशाने तेच केले तर ते औदार्य राहत नाही. म्हणूनच निविदेची जाहिरात, पाकिटे सर्वांसमोर उघडणे, दरांचा तुलनात्मक तक्ता या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींना नैतिक वजन आहे. खरेदी करणाऱ्याची आवडनिवड बाजूला ठेवायची ती साधने आहेत. ज्या पुरवठादाराचे मंत्रालयात कोणी ओळखीचे नाही, त्याला समान वागणूक मिळण्याची दुसरी कोणतीही हमी नसते.

स्वतंत्र भारताला याचा धडा लवकरच मिळाला. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये लढाई चालू असताना लंडनमधल्या भारतीय उच्चायुक्तालयाने नेहमीची पद्धत बाजूला ठेवून लष्करासाठी जीपगाड्यांचा करार केला. १५५ जीप आल्या आणि त्या वापरण्याजोग्या निघाल्या नाहीत. संसदेच्या लोकलेखा समितीने या व्यवहारावर ताशेरे ओढले. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण संपल्याचे जाहीर केले. तेव्हाचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी स्वतःचा फायदा करून घेतला, असे कधी सिद्ध झाले नाही. हे प्रकरण मला महत्त्वाचे वाटते ते यामुळेच. चोरी सिद्ध झाली असती तर प्रश्न फौजदारी न्यायालयाचा होता. चोरी सिद्ध न होताही प्रश्न उरतो, कारण युद्धातल्या सैनिकाला हवे असलेले वाहन मिळाले नाही आणि पैसा मात्र गेला.

‘घाई होती’ हे अशा वेळचे ठरलेले उत्तर. पण नियम घाईच्या आड येत नाहीत. तातडीच्या प्रसंगी एकाच पुरवठादाराकडून खरेदी करण्याची मुभा त्यांत आहेच. अट इतकीच की कारण लेखी नोंदवावे आणि सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी घ्यावी. फायलीवरच्या त्या चार ओळींना वेळ किती लागतो? दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: लेखापरीक्षणाच्या धास्तीने प्रामाणिक अधिकारी निर्णयच घेत नाहीत, कामे रखडतात, आणि रखडण्याची किंमतही जनताच मोजते. हे खरे आहे. चुकलेला निर्णय आणि लबाडीचा निर्णय यांना एकाच मापाने मोजणारा लेखाआक्षेप अन्यायच करतो. मात्र या भीतीवरचा उताराही कारणे लिहिण्यातच आहे. त्या वेळी काय माहीत होते आणि काय ठरवले हे ज्याने नोंदवून ठेवले, त्याला अनेक वर्षांनंतरही उत्तर देता येते. भीती असायला हवी ती कागद कोरा ठेवणाऱ्याला.

घटनेने इथे माणसाच्या चुकीलाही जागा ठेवली आहे. मंजूर रकमेपेक्षा खर्च जास्त झाला, तर ११५व्या अनुच्छेदाप्रमाणे तो जादा अनुदान म्हणून पुन्हा लोकसभेपुढे यावा लागतो. त्याआधी लोकलेखा समिती कारणे तपासते. या समितीत लोकसभेचे १५ आणि राज्यसभेचे ७ सदस्य असतात, मंत्री एकही नसतो, आणि १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. खर्च योग्य कामावर झाला असेल, तरी तो मान्य करून घ्यावाच लागतो. विठू महाराने बिदरला केले ते याहून वेगळे नव्हते.

मात्र दामाजींच्या कथेत पावती देणारा बादशहा निदान पैसे मोजून घेतो. १४ मार्च २०१८ रोजी लोकसभेने सुमारे २४ लाख ४२ हजार कोटींच्या अर्थसंकल्पाला गदारोळात, जेमतेम अर्ध्या तासात, चर्चेविना मंजुरी दिली. मंत्रालयांच्या खर्चाच्या मागण्यांवर गिलोटिन लावणे, म्हणजे चर्चा न झालेल्या मागण्या एकत्रच मताला टाकणे, ही जुनी संसदीय रीत आहे. वेळ अपुरा असतो हेही मान्य. पण ३० मे १९४९ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी महालेखापरीक्षकाचे काम न्यायसंस्थेच्या कामाहूनही महत्त्वाचे ठरवले, ते हा अधिकारी संसदेने मंजूर केलेल्या खर्चावर पहारा देतो म्हणून. मंजुरी देतानाच सभागृहाने मागण्या वाचल्या नसतील, तर महालेखापरीक्षकाने पहारा कशावर द्यायचा? विभागांशी संबंधित स्थायी समित्या १९९३ पासून दरवर्षी या मागण्यांची छाननी करतात. त्यांचे अहवाल मतदानापूर्वी सदस्यांच्या हातात असतात. निदान मोठी खरेदी करणाऱ्या मंत्रालयांवरचे अहवाल सभागृहात चर्चेला आल्याखेरीज त्या मागण्यांवर गिलोटिन लावू नये.