रक्त माझं, मर्जी कुणाची?

फॉर्मवर प्रश्न होता, बाळाला अंगावर पाजता का? मी ‘नाही’वर खूण केली. घरी नऊ महिन्यांची लेक पाळण्यात, आणि मी धडधडीत खोटं लिहिलं. दोस्तहो, त्या एका खुणेबद्दल मला बोलायचंय.

आम्ही दोघी सूतगिरणीत, रिंग खात्यात. शेजारच्या साच्यावरची ती बाळंत झाली आणि रक्त थांबेना. इस्पितळातून निरोप आला, तीन पिशव्या लागतील, बदली माणसं आणा. ती गावातली, मी वस्तीतली. तिच्या सासूनं आमच्या डब्यातली भाकरी कधी घेतली नव्हती. त्या दिवशी तीच म्हणाली, ‘‘कुणाचंबी चालंल गं, पण आण.’’ १९०१ साली लँडस्टायनरनं रक्ताचे गट शोधले, त्यात जात नावाचा गट काही त्याला सापडला नाही. पण रक्ताला जात नसते हे कवितेत लिहून लिहून गुळगुळीत झालंय. मीही लिहिलंय. त्यावर थांबत नाही.

मला धावायला लावलं ते ‘दान’ या शब्दानं. आमच्या पिढ्या दान घेणाऱ्यांच्या रांगेत गेल्या. ग्रहण सुटताना मागितलेले दाणे, मढ्यावरचं कापड, शिळे तुकडे. देणाऱ्यांच्या रांगेत उभं राहायची मला हौस होती. हौसच म्हणते. त्या बाईचा जीव वाचावा हे खरंच होतं, पण सगळं तेवढंच नव्हतं. तिच्या सासूनं बघावं, हेही होतं. खोटं कशाला बोलू?

तर खूण करून बसले. पलीकडच्या वॉर्डात कुणाचं तरी पोर रडलं आणि माझ्या पोलक्यावर ओल आली. आईच्या अंगाला आपलं पोर, परकं पोर कळत नाही, पान्हा फुटतो. तपासणाऱ्या बाईनं बघितलं. म्हणाली, ‘‘फॉर्मवर काय लिहिलंय तुम्ही?’’

मी भांडले. रक्त माझं, मर्जी माझी, तुम्ही कोण नाही म्हणणार? पुन्हा ‘नाही’? तळ्यावर नाही, देवळात नाही, आता सुईलाही नाही?

बाई चिडली नाही. बोट टोचून माझा एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडला. बुडाला तर हिमोग्लोबिन साडेबारा, म्हणजे पास. माझा थेंब वरच घुटमळला. मग तिनं समजावलं. बाळंतपणानंतर बारा महिने आणि पाजत असेपर्यंत रक्त घ्यायचं नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. साडेतीनशे मिलिलिटर रक्ताबरोबर दीडशे मिलिग्रॅमच्या आसपास लोह जातं. खाल्लेल्यातनं रोज अंगी लागतं ते एक-दोन मिलिग्रॅम. दूध काही नासत नाही, लेकीला त्याचं विष होत नाही. खड्डा पडतो तो आईत.

हे मी डोक्यात घेऊन बसले. कारण अमेरिकेत बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पाजणाऱ्या बाईचंही रक्त घेतात. म्हणजे हा काही निसर्गाचा नियम नाही. पोटभर खाल्लेल्या बाईच्या अंगात शिल्लक असते, आमच्यात नसते. २०१९ ते २१ च्या सरकारी पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. मला तर हा नियम कबुलीजबाबासारखाच वाटतो. आमच्या अंगात काय नाही हे सरकारला ठाऊक आहे. फक्त ते आठवतं सुई टोचताना. रेशनच्या दुकानात आठवत नाही.

आई म्हणाली, ‘‘तुझं रगत तुझं कुठाय आता? लेकीचं हाय ते.’’ हे मला पटत नाही. आई म्हणजे त्याग, आई म्हणजे गाय, हे ऐकून कान किटले. मला थांबवायचं ते लेकीसाठी आणि माझ्यासाठी काहीच नाही, असं कसं? मीही एक जीव आहे. तो नियम मला मान्य झाला तो माझ्या बाजूनं, तिच्या पाळण्याच्या बाजूनं नंतर.

मर्जीचंही तसंच. रक्त विकून पोट भरणाऱ्यांची मर्जीच होती म्हणायची. सुप्रीम कोर्टानं १९९६ साली निकाल दिला आणि १९९८ पासून तो धंदा बंद झाला. उपाशी माणसाच्या मर्जीला किती मर्जी म्हणायचं? आणि हौसेनं पेटलेल्या माझ्या मर्जीला?

पण मग गिरणीचं काय? आठ तास साच्यापुढं उभी असते. तुटलेला धागा सांधत पळते. लेकीच्या पाजायच्या वेळेला छाती दगड होते. संडासात जाऊन दूध पिळून टाकते. तिथं कुणी निळ्या पाण्यात थेंब सोडून बघितला नाही. ‘पाजता का’ हे मला पहिल्यांदा विचारलं ते रक्तपेढीच्या फॉर्मनं. १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब बाळंतपणाच्या भत्त्याच्या बाजूनं बोलले. आईला आधी आणि नंतर विसावा मिळण्यात देशाचं हित आहे, आणि मालकाला त्या खर्चातून सुटता येणार नाही, असा त्यांचा मुद्दा होता. पुढच्या वर्षी मुंबई इलाख्यात कायदा झाला. १९६१ च्या कायद्यानं मूल पंधरा महिन्यांचं होईस्तवर पाजायला दिवसाला दोन सुट्ट्या दिल्या. २०१७ च्या दुरुस्तीनं पन्नास कामगार असतील तिथं पाळणाघर सांगितलं. हे हक्क आजही आहेत. आमच्या खात्यात कुणी ऐकलेलेसुद्धा नाहीत.

राहिली खूण. तिची लाज वाटते, ती नियम मोडला म्हणून नव्हे. पिशवीतलं रक्त ज्याच्या अंगात जातं त्याला काही तपासता येत नाही. तो बेशुद्ध असतो, किंवा मरणाच्या दारात. त्याच्या वतीनं तो फॉर्म प्रश्न विचारतो. आज मी पाजण्याचं लपवलं, उद्या दुसरा कुणी कावीळ लपवेल. तोही म्हणेल, चांगल्यासाठीच केलं.

माझा नवरा आणि वस्तीतली दोन पोरं देऊन आली. बाई वाचली. तिची सासू चहाला थांबली नाही, पण पोरांना ‘जेवून जावा’ म्हणाली.

सोमवारी मुकादमाला दोन सुट्ट्यांचं विचारलं. हसला. म्हणाला, अर्ज दे. लिहिलाय. खाली सध्या माझी एकटीची सही आहे. ती कामावर आली की दुसरी तिची घेणार.