राखून ठेवलेला वीर

अद्भुतकथेतला खलपुरुष केवळ बाहुबलाने मरत नाही. त्याच्या मरणाची तजवीज कोणी बहुश्रुत वृद्ध पुष्कळ आधीच करून ठेवतो. एक बेत फसला तर दुसरा तयार असतो. राउलिंगबाईंच्या हॅरी पॉटरच्या कथामालेचा शेवटचा भाग २००७ साली निघाला. त्यात डंबलडोर या गुरूचा बेत उघड होतो: ज्या मुलास त्याने जपले, त्याने योग्य वेळी मृत्यूच्या स्वाधीन व्हावे. मुलगा वाचेल अशी आशा गुरूला होती खरी. पण मुलाला ती कळविलेली नव्हती.

आपल्याकडे द्रोणपर्वातील घटोत्कचवध पाहावा. इंद्राने दिलेली शक्ती एकदाच चालणारी; कर्णाने ती अर्जुनासाठी राखली होती. कृष्णाने अर्जुनाला कर्णासमोर जाऊ दिले नाही. रात्रीच्या युद्धात घटोत्कचाला पाठविले. शक्ती त्याच्यावर खर्ची पडली. पांडव रडू लागले, आणि कृष्ण हर्षाने नाचू लागला!

या दूरदृष्टीला मी दोष देणार नाही. जरासंध, शिशुपाल, एकलव्य हे आधीच दूर झाले नसते तर ते दुर्योधनाला मिळाले असते, हा कृष्णाचा हिशेब बिनतोड आहे. युद्धात कोणाला तरी पुढे धाडावेच लागते. पण घटोत्कच लढावयास गेला तो जिंकण्यासाठी. आपल्या मरणाचाही उपयोग कोणी योजून ठेवला आहे, हे त्याला कोणी सांगितले नाही. सांगितले असते तरी तो गेला असता, असे मला वाटते, आणि म्हणूनच ते न सांगणे अधिक खुपते.

पुढे कृष्ण दोन गोष्टी बोलतो. घटोत्कच यज्ञद्वेष्टा होता, कर्णाने मारला नसता तर आपणच मारला असता, ही एक. अर्जुनावरील त्या शक्तीच्या चिंतेने आपल्याला झोप नव्हती, ही दुसरी, सात्यकीला सांगितलेली. दुसरीत माणूस दिसतो, पहिलीत वकील. कामास आलेल्याचे दोष तो कामी आल्यावर मोजणे शहाण्याला शोभत नाही.

लोकांनी तरी हे दोष मानले कुठे? १९२१ साली आमच्या कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला. त्या कथेतला घटोत्कच अभिमन्यूच्या विवाहासाठी धावून येणारा लाडका भाऊ आहे.

युधिष्ठिरानेही कृष्णापुढे वाद घातला नाही. गंधमादनाच्या वाटेवर थकलेल्या द्रौपदीला या पोराने पाठीवर वाहून नेले होते, एवढी आठवण त्याने सांगितली, आणि तो स्वतःच कर्णावर चालून निघाला. त्याला परतवावयास व्यासांना यावे लागले.