बी खुंटलेला मणी

नारायणगावच्या एखाद्या द्राक्षबागेत मांडवाखाली बसा. मार्गशीर्षातली सकाळ आहे. ऑक्टोबर छाटणी होऊन दोनेक महिने होत आलेत. डोक्यावर लोंबणारा एक घड बघा, आणि त्यातला एकच मणी नजरेत धरा. ज्वारीच्या दाण्याएवढा आहे. घाई नाही.

हा थॉम्पसन या बिनबियांच्या जातीचा मणी. त्याच्या पोटात बी धरलं होतं, पण कोवळेपणीच खुंटलं. ते वाढलं असतं तर मण्याला फुगायला लावणारं जिबरेलिन त्यानंच पुरवलं असतं. आता ओळीतून बाया येतात. मग्यात जीएचं, म्हणजे जिबरेलिनचं पाणी, एकेक घड त्यात बुडवायचा आणि सोडायचा. लिटरभर पाण्यात साधारण 40 मिलिग्रॅम. इतक्या थोडक्यानं मणी फुगतो, यावर जरा रेंगाळा.

मग मन 1926 च्या तैवानात न्या. भाताच्या खाचरात काही रोपं उंचच उंच, फिकी, लेचीपेची. जपानी शेतकरी त्यांना वेडी रोपं म्हणत. शास्त्रज्ञ एइइची कुरोसावांनी या रोगाची बुरशी द्रवात वाढवली, मग बुरशी पूर्ण काढून टाकून नुसता द्रव निरोगी रोपांना दिला. तीही तशीच उंच झाली. मला हा प्रयोग फार मोठा वाटतो. रोग पाहून तो कसा थांबवायचा हे कुणीही विचारील. कुरोसावांनी विचारलं, रोपाला उंच नेमकं काय करतं?

तेइजिरो याबुतांनी 1935 मध्ये रोपं उंच करणाऱ्या त्या द्रव्याला जिबरेलिन नाव दिलं, 1938 मध्ये त्याचे स्फटिक मिळवले. तोवर ते बुरशीचंच मानलं जाई. 1958 मध्ये मॅकमिलन आणि स्यूटर यांना ते घेवड्याच्या जातीतल्या एका वेलाच्या कोवळ्या बियांत सापडलं. ज्याला रोगाचं विष समजत होते, ते झाडाचं स्वतःचंच होतं.

पुन्हा मण्याकडे या. खुंटलेल्या बियाचं काम आता बाईचा हात करतो आहे. त्या हाताला माप सांभाळावं लागतं: जीए जास्त झालं तर देठ जाड आणि ताठर होतात, पुढच्या हंगामाच्या डोळ्यांत घड कमी धरतात. बियाला हे माप कुणी शिकवलं असेल? उत्तर शोधू नका. पुढच्या घडाकडे वळा.