आज्ञा मोडण्याची किंमत

गियेर्मो देल तोरो या मेक्सिकन दिग्दर्शकावरून सिनेमावेड्या मंडळींत वाद निघाला की तो दोन ठरलेल्या टोकांना जाऊन थांबतो. एका बाजूचं म्हणणं असं की, समीक्षकांनी कायम खालच्या पंक्तीला बसवलेला भयपट आणि अद्भुतपट त्यानं मानाच्या पानावर आणून बसवला. २०१७ च्या ‘द शेप ऑफ वॉटर’ला व्हेनिसचा गोल्डन लायन मिळाला, पाठोपाठ सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शनासह चार ऑस्कर मिळाले, यातच सगळं आलं. दुसरी बाजू म्हणते, हा माणूस राक्षसांच्या प्रेमात इतका बुडालाय की त्याच्या भयपटात भयच उरत नाही. नेपथ्य डोळे दिपवणारं, नीती मात्र बाळबोध: राक्षस चांगला, माणूस वाईट, संपली गोष्ट.

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात, कारण दोघीही त्याला राक्षसांवरूनच जोखतात. माझ्या मते आज्ञापालन हा देल तोरोचा खरा विषय आहे. माणूस कुणाचं ऐकतो, का ऐकतो, कुठवर ऐकतो आणि ऐकायचं नाकारलं तर काय गमावतो, या प्रश्नांभोवती त्याचं उत्तम काम उभं आहे. या कसोटीला त्याचे चित्रपट लावले की त्यातले थोर कुठले आणि नुसते देखणे कुठले, हे बरंचसं उलगडतं.

देल तोरोचा जन्म १९६४ चा, ग्वादालाहारा शहरातला. घर कट्टर कॅथलिक. सिनेमात तो रंगभूषेच्या वाटेनं आला. ‘द एक्झॉर्सिस्ट’ची रंगभूषा करणारे डिक स्मिथ हे त्याचे गुरू. त्याच्या पडद्यावरचे प्राणी हाताला लागतील इतके खरे वाटतात, याचं कारण ही कारागिरी. बहुतेक वेळा त्या कातडीच्या आत डग जोन्ससारखा काटकुळा, लवचीक नट असतो आणि त्याच्या मानेच्या एका हेलकाव्यावर प्राण्याचा स्वभाव ठरतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला देल तोरोच्या वडिलांचं अपहरण झालं. ७२ दिवसांनी ते सुटले आणि त्यानंतर त्यानं मायदेश सोडला. माणूस माणसाचं काय करू शकतो, हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. आणि मेक्सिकन दिग्दर्शक स्पेनच्या यादवी युद्धाकडे पुन्हा पुन्हा का वळतो, याचंही उत्तर इतिहासात आहे. त्या युद्धात जनरल फ्रँको जिंकल्यावर हजारो पराभूत प्रजासत्ताकवाद्यांना मेक्सिकोनंच आसरा दिला होता.

२००१ चा ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ १९३९ च्या स्पेनमधल्या एका अनाथाश्रमात घडतो. अंगणात न फुटलेला बॉम्ब रुतून बसलाय आणि तळघरातल्या हौदापाशी सांती नावाच्या मुलाचं भूत वावरतंय. त्याच्या फुटलेल्या कपाळातून रक्त निघतं ते हवेत वर तरंगत जातं, जणू तो अजून पाण्याखालीच आहे. हे भूत बघून आपण दचकतो, पण थोड्याच वेळात लक्षात येतं की भ्यायचं ते हासिंतोला. हा रखवालदार त्याच आश्रमात लहानाचा मोठा झालाय, त्या जागेचा त्याला मनापासून तिटकारा आहे आणि तिथं लपवलेल्या सोन्यावर त्याचा डोळा आहे. हासिंतोनं केलेला सांतीचा खून बघितलेला मुलगा हायमे धाकापोटी गप्प राहतो आणि त्या गप्प बसण्याची किंमत सगळा आश्रम मोजतो. शेवटी वर्गात शिकलेला मॅमथच्या शिकारीचा धडा मुलं प्रत्यक्षात आणतात: एकेकटे दुबळे, पण टोकदार काठ्या घेऊन एकत्र आले की बलाढ्य. हासिंतो हौदात पडतो आणि अंगावर लपवलेलं सोनंच त्याला तळाशी नेतं. मुलं वाचतात, पण कितीतरी सोबती गमावून, आणि समोर ओसाड माळ घेऊन. इथं काहीही फुकट मिळत नाही.

२००६ च्या ‘पॅन्स लॅबिरिन्थ’मध्ये हा विचार पूर्ण पिकला. साल १९४४, फ्रँकोचा स्पेन. डोंगरातल्या बंडखोरांना टिपायला आलेला कॅप्टन विदाल, त्याची गरोदर बायको आणि तिची आधीच्या लग्नाची मुलगी ओफेलिया. एका रात्री विदालकडे मेजवानी असते. लांब टेबलाच्या टोकाला तो, पाठीमागे पेटलेली शेकोटी, भोवती गावातले प्रतिष्ठित लोक. माणशी शिधा किती द्यायचा याचा निर्णय तिथं घास घेता घेता होतो आणि पाद्रीही मान डोलावतो. पुढे ओफेलिया खडूनं दार रेखून एका भुयारी दालनात उतरते. तिथंही लांब टेबल, भरगच्च पक्वान्नं, पाठीमागे शेकोटी. टोकाला बसलाय लोंबत्या कातडीचा, तळहातांवर डोळे असलेला फिकट माणूस. भिंतींवर मुलांच्या कत्तलीची चित्रं आहेत, कोपऱ्यात लहान लहान बुटांचा ढीग आहे. दोन्ही टेबलांची मांडणी जाणीवपूर्वक सारखी ठेवली आहे. खादाड राक्षस कुठला आणि पंगतीला बसलेले सज्जन कोण, हे सांगायला दिग्दर्शकाला एकही संवाद खर्च करावा लागत नाही.

आक्षेप घेणारे म्हणतात, विदालही सपाट काळा आहे. तो आहे, यात शंका नाही. पण चित्रपटाचं लक्ष त्याच्यापेक्षा त्याचं ऐकणाऱ्यांवर जास्त आहे. डॉक्टर फेरेइरो एका छळलेल्या, तोतऱ्या कैद्याला दयेपोटी मरण देतो आणि त्याबद्दल जाब विचारला जातो तेव्हा शांतपणे सांगतो की विचार न करता हुकूम पाळणं तुझ्यासारख्यांनाच जमतं. पाठ फिरवून तो चार पावलं चालतो आणि गोळी लागते. घर सांभाळणारी मेर्सेदेस विदालच्या नाकाखालून बंडखोरांना रसद पोचवते. ती बाई असल्यामुळे त्याचं तिच्याकडे लक्षच जात नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे आज्ञाभंगाचे दोन प्रकार हा चित्रपट वेगळे करून दाखवतो. फिकट माणसाच्या टेबलावरची द्राक्षं ओफेलिया भुकेपोटी, मोहापोटी तोंडात टाकते. काहीही खायचं नाही ही ताकीद तिनं मोडलेली असते आणि तिच्याबरोबरच्या दोन पऱ्यांचा त्यात जीव जातो. शेवटी तिला कामं सोपवणारा शिंगाळ वनदेव, फॉन, तिच्याकडे तान्ह्या भावाचं रक्त मागतो, तेव्हा ती पुन्हा नाही म्हणते. आता हे ‘नाही’ सदसद्विवेकातून आलेलं असतं आणि त्याची किंमत ती स्वतःच्या प्राणानं देते. मोडणं म्हणजे शौर्य, असला सोपा हिशेब देल तोरो इथं मांडत नाही. कशासाठी मोडलं आणि किंमत कोणी दिली, हे तो विचारतो. बाळबोध म्हणून हिणवल्या गेलेल्या कामातली इतकी बारीक नैतिक जाण फार थोड्या ‘गंभीर’ चित्रपटांत सापडेल.

२०२२ चा ‘पिनोकिओ’ (सहदिग्दर्शक मार्क गुस्ताफसन) हाच धागा पुढे नेतो. कोल्लोदीच्या १८८३ च्या पुस्तकातला अवखळ बाहुला आज्ञाधारक होतो तेव्हा त्याला माणूसपण मिळतं. देल तोरो ती गोष्ट मुसोलिनीच्या इटलीत नेतो आणि उलटी फिरवतो. जिथं सगळे रांगेत उभे राहून हात उंचावताहेत, तिथं न ऐकणारा लाकडी पोरगाच खरा माणूस ठरतो. गावच्या फॅसिस्ट अधिकाऱ्याचा मुलगा बापाच्या तोंडावर त्याचा हुकूम धुडकावतो. आपल्याला घडवणाऱ्या जेपेत्तोला वाचवण्यासाठी पिनोकिओ स्वतःचं अमरत्व सोडतो. पुढे त्याला जीव परत मिळतो खरा, पण एकेक करून सगळी जिवलग माणसं त्याच्या आधी जातात, हे दाखवल्याशिवाय चित्रपट थांबत नाही.

आता ‘द शेप ऑफ वॉटर’. १९६२ चं बाल्टिमोर, सरकारी प्रयोगशाळा, मुकी सफाई कामगार एलायझा आणि ॲमेझॉनमधून पकडून आणलेला जलमानव. छायाचित्रण, संगीत, सॅली हॉकिन्सचा अभिनय, सगळं उच्च प्रतीचं. पण जलमानवाकडे नीट बघा. तो शेजारच्या जाइल्सचं मांजर खातो. हा त्याच्या रानटीपणाचा पुरावा पाच मिनिटांत माफ होतो आणि वर त्याच्या स्पर्शानं जाइल्सच्या टकलावर केस उगवतात. ज्याच्यावर प्रेम करायला काहीच सोसावं लागत नाही, त्याच्यावरच्या प्रेमानं प्रेक्षकाची परीक्षा ती कसली? त्याच चित्रपटात शास्त्रज्ञ हॉफस्टेटलर आहे. प्राण्याला चिरा, असं अमेरिकन वरिष्ठ सांगताहेत आणि त्याला मारून टाक, असा त्याच्या सोव्हिएत धन्यांचा हुकूम आहे. तो दोघांचंही ऐकत नाही आणि हालहाल होऊन मरतो. देल तोरोच्या मूळ विषयाचा हा खरा नायक, पण त्याला कडेला ठेवून कॅमेरा प्रेमकथेकडे वळतो. एलायझाला गोळी लागते, पण तिच्या गळ्यावरच्या खुणांचे कल्ले होतात आणि मोजलेली किंमत परत मिळते.

यावर एक रास्त उत्तर आहे: परीकथेला काळं-पांढरं रंगवायची मुभा असते. मान्य. पण अद्भुतपट ती मुभा न घेताही उभा राहतो, याचा दाखला आपल्या कोकणात आहे. राही अनिल बर्वे यांच्या २०१८ च्या ‘तुंबाड’मध्ये हाव नायक विनायकाच्या आत आहे आणि सोनं असलेल्या, विहिरीसारख्या देवीच्या गर्भात आपण त्याच्यासोबत उतरतो, सोन्याची नाणी निसटू नयेत असं आपल्यालाही वाटत राहतं. म्हणूनच शेवटी बापानं पुढे केलेलं सोनं पोरगा नाकारतो, तेव्हा तो नकार आपल्याही हावेला लागतो. ‘द शेप ऑफ वॉटर’मध्ये प्रेक्षक पहिल्यापासूनच बरोबर बाजूला बसलेला असतो. स्वतःकडे बोट वळवायची वेळ त्याच्यावर येतच नाही.

२०२५ च्या ‘फ्रँकेन्स्टाइन’बद्दलही माझी तक्रार हीच आहे. मेरी शेलीच्या कादंबरीत व्हिक्टरनं घडवलेला जीव त्याच्या लहानग्या भावाचा, विल्यमचा गळा आवळतो, त्या खुनापायी निरपराध जस्टिन फासावर जाते, आणि व्हिक्टरच्या लग्नाच्या रात्री तो त्याची नवरी एलिझाबेथलाही मारतो. एवढं सगळं करूनही शेली आपल्याला त्याची कणव वाटायला लावते, तिची ताकद यातच आहे. देल तोरोच्या चित्रपटात एलिझाबेथ व्हिक्टरच्याच गोळीनं मरते. जीवाच्या माथ्यावरचा सर्वांत जड गुन्हा दिग्दर्शकानं उचलून बापाच्या माथी ठेवला. मग शेवटची क्षमा डोळ्यांत पाणी आणते, पण ती द्यायला कोणालाच जड जात नाही.

म्हणजे दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे, फक्त वेगवेगळ्या चित्रपटांबद्दल. भाबडेपणाचा आरोप पुरस्कारांनी मढलेल्या चित्रपटाला लागू पडतो, फ्रँकोच्या स्पेनमधल्या दोन चित्रपटांना अजिबात नाही. या दिग्दर्शकाची ओळख करून घ्यायची असेल, तर सुरुवात ‘द शेप ऑफ वॉटर’पासून करू नये. आधी ‘द डेव्हिल्स बॅकबोन’ पाहावा, मग ‘पॅन्स लॅबिरिन्थ’, मग ‘पिनोकिओ’. हुकूम पाळणारी सभ्य माणसं क्रौर्याला किती कामी येतात आणि एका लहान मुलाचं ‘नाही’ किती महाग पडतं, हे अद्भुताच्या भाषेत इतक्या गांभीर्यानं सांगणारे दिग्दर्शक आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. तेवढ्यासाठी मी त्याला थोर मानतो, आणि तेवढ्याचसाठी त्याच्या सोप्या क्षमेवर नाराजही होतो.