जुनं बिल

वाईला अण्णा आणि नाना हे दोघे भाऊ शेजारशेजारच्या घरांत राहत. अण्णा 68 वर्षांचे, नाना 66. दोघेही निवृत्त झालेले, आणि नोकरीबरोबर कंपनीने काढलेला आरोग्य विमाही संपलेला. पूर्वी पासष्टी उलटलेल्या माणसाला नवी पॉलिसी मिळणं कठीण असे. एप्रिल 2024 पासून विमा नियामकाने ती वयाची अट काढली आणि एजंट दोघांच्याही दारी आला.

त्याने दोन पॉलिसी पुढे ठेवल्या. विम्याची रक्कम दोन्हींत पाच लाखच, पण एकीचा हप्ता वर्षाला बारा हजारांनी कमी. नानांनी लगेच कमी हप्त्याची घेतली. “पाच लाख ते पाच लाखच. मग जास्त पैसे कशाला घालवायचे?”

अण्णा थोरल्या बहिणीकडे गेले. अक्का 72 वर्षांची, जन्मभर सरकारी रुग्णालयात परिचारिका. ती म्हणाली, “हप्ता काय, आज दिसतोच आहे. बिल येईल त्या दिवशी तुझ्या खिशातून किती जाईल, ते आधी बघ. आळीत कुणाचं ऑपरेशन झालं असेल तर त्यांचं जुनं बिल मागून आण.”

अण्णांनी बिल आणलं. अक्काने एजंटला समोर बसवलं आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारत गेली, “याचे किती मिळतील? हे कुठल्या पानावर लिहिलंय?” तासभर पानं उलटली गेली. स्वस्त पॉलिसीत खोलीभाड्याला रोज विमा रकमेच्या 1 टक्का, म्हणजे 5,000 रुपयांची मर्यादा निघाली. शिवाय मंजूर रकमेतला 20 टक्के वाटा रुग्णाने भरायचा होता. महाग पॉलिसीत या दोन्ही अटी नव्हत्या. मात्र अण्णांच्या जुन्या मधुमेहामुळे येणाऱ्या आजारपणाचा खर्च तीन वर्षं मिळणार नव्हता; ही वाट पाहण्याची मुदत.

एजंट हळूच म्हणाला, “मधुमेह फॉर्मवर लिहूच नका.”

“लिही,” अक्का म्हणाली. “दवाखान्यात गेल्यावर केसपेपरवर तो येणारच. मग ऐन आजारपणात दावा फेटाळतील, पॉलिसीही रद्द करतील.”

अण्णांनी लिहिलं. हप्ता आणखी थोडा वाढला. त्या तीन वर्षांसाठी त्यांनी एक मुदत ठेव वेगळी काढून ठेवली. नाना म्हणाले, अक्का फार कीस काढते.

पुढच्या पावसाळ्यात नाना कृष्णेच्या घाटावर घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. अपघात असल्यामुळे वाट पाहण्याची मुदत आड आली नाही. साताऱ्याच्या रुग्णालयात मुलाने रोज 10,000 रुपये भाड्याची खोली घेतली. पॉलिसी होती ना!

पाच दिवसांचं बिल 3 लाख झालं: खोलीचे 50 हजार, डॉक्टर आणि ऑपरेशनचे दीड लाख, औषधं आणि बसवलेल्या कृत्रिम भागाचे एक लाख. घरच्यांना वाटलं, खोलीचे 25 हजार तेवढे कापले जातील. पुष्कळांचं नुकसान याच समजुतीने होतं, म्हणून हा हिशेब नीट मांडायला हवा. खोली मर्यादेच्या दुप्पट भाड्याची, म्हणून त्या पॉलिसीप्रमाणे डॉक्टर आणि ऑपरेशनचा खर्चही निम्माच धरला गेला. औषधं आणि कृत्रिम भाग यांना ही कपात लागत नाही, ते पूर्ण धरले. अशी मंजूर रक्कम झाली 2 लाख. त्यातले 20 टक्के नानांचे. कंपनीने 1 लाख 60 हजार दिले आणि घरातून 1 लाख 40 हजार गेले. हप्त्यात वाचले होते बारा हजार.

कंपनीने फसवलं नव्हतं. सगळं छापलेलं होतं. म्हाताऱ्या माणसाच्या हातात चाळीस पानं द्यायची आणि हप्त्याचा आकडा तेवढा मोठ्याने वाचून दाखवायचा, ही रीत मात्र मला क्रूर वाटते.

अक्का नानांना भेटायला गेली तेव्हा एका शब्दाने बोलली नाही. तिने सरकारच्या आरोग्य योजनेचं आपलं वय वंदना कार्ड दाखवलं. “सत्तरी पूर्ण झाली की हे काढ. ऑक्टोबर 2024 पासून उत्पन्न न बघता मिळतं. वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार, जुने आजारही पहिल्या दिवसापासून. फक्त योजनेतलं रुग्णालय कुठलं, ते आधी विचारून ठेव.”

“आणि तोवरची वर्षं?”

“पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे नेता येते. नूतनीकरणाच्या निदान 45 दिवस आधी अर्ज करायचा. वाट पाहण्याची जेवढी मुदत भरलीस ती वाया जात नाही. पण नवी कंपनी तुला तपासून घेईल, नाहीही म्हणेल. तिचा होकार येईपर्यंत जुनी सोडू नकोस.”

नानांनी वेळेत अर्ज केला आणि खुब्याच्या ऑपरेशनचे सगळे कागद सोबत जोडले. एका कंपनीने नकार दिला. दुसरीने हप्ता वाढवून घेतलं. पैसे भरण्याआधी नानांनी आपलंच तीन लाखांचं बिल एजंटपुढे ठेवलं आणि पहिल्या ओळीपासून विचारायला सुरुवात केली.